शेवटच्या तीन फुटांचा हिशेब

७ ऑगस्ट २०२१. टोकियोजवळच्या कासुमिगासेकी क्लबच्या मैदानावर ऑलिंपिकमधील महिला गोल्फ स्पर्धेचा अखेरचा दिवस होता. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर असलेली बेंगळुरूची अदिती अशोक चार दिवस पदकाच्या रांगेत टिकून राहिली होती. तिचे लांब पल्ल्याचे फटके इतर प्रमुख खेळाडूंच्या मानाने आखूड पडत होते. तिला वर धरून ठेवले होते ते छिद्राजवळच्या हळुवार फटक्यांनी. अठराव्या, म्हणजे शेवटच्या छिद्रापाशी तिने मारलेला चेंडू कडेजवळून निसटला. चार दिवसांचे मिळून तिचे २६९ फटके झाले. रौप्य आणि कांस्य मिळवणाऱ्या दोघींचे प्रत्येकी २६८. त्याच दिवशी नीरज चोप्राच्या भाल्याने सुवर्ण आणले आणि देश त्या आनंदात बुडाला. परंतु गोल्फ या खेळाकडे ज्यांनी आजवर पाहिलेही नव्हते, अशा असंख्य घरांत त्या सकाळी प्रथमच एक प्रश्न विचारला गेला : इतक्या जवळचा, इतका हलका फटका इतका अवघड कसा?

या हलक्या फटक्यालाच ‘पटिंग’ म्हणतात. छिद्राभोवतीचे बारीक कापलेले गवत म्हणजे ‘ग्रीन’, आणि त्यावर चेंडू ढकलण्याची सपाट तोंडाची काठी म्हणजे ‘पटर’. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या व्यापारी कुटुंबांना गोल्फ हा अजूनही दूरच्या, श्रीमंत क्लबांचा खेळ वाटतो. त्यातील लांब फटक्यांपुरते ते खरेही आहे. त्यासाठी शेकडो यार्डांचे मोकळे रान लागते. पटिंगला मात्र घराची दहा-बारा फूट फरशी पुरते. खेळाचा जवळजवळ अर्धा भाग या बारा फुटांत सामावलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

किरकोळ खर्च आणि घाऊक दिमाख

गोल्फच्या एका फेरीत अठरा छिद्रे असतात. कुशल खेळाडूने ती किती फटक्यांत पुरी करावीत याचे ठरलेले प्रमाण म्हणजे ‘पार’. मोठ्या मैदानांवर ते बहुधा ७२ असते. हे प्रमाण ठरवताना प्रत्येक छिद्रासाठी दोन फटके ग्रीनवरचे धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटिंगचे. अडीचशे यार्ड उडणारा दिमाखदार फटका वहीत एकच मांडला जातो आणि एक फुटावरून हुकलेला चेंडूही वहीत एकच मांडला जातो. रकाना दोघांनाही सारखाच.

दुकानाच्या पेढीवर बसणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. घाऊक विक्रीचा आकडा चारचौघांत सांगायला बरा असतो. वर्षअखेर शिल्लक काय राहिली हे मात्र किरकोळ खर्चाच्या पानांवर ठरते. तरीही गोल्फ शिकणारा नवखा माणूस आपला बहुतेक वेळ लांब फटक्यांवर घालवतो, कारण त्यात आवाज आहे आणि पाहणाऱ्यांची वाहवा आहे. तीन फुटांवरून हुकलेल्या चेंडूला कोणी वाहवा देत नाही, आणि त्यामुळे त्याच्या सरावालाही कोणी वेळ देत नाही.

अदितीची सुरुवात नेमकी उलट्या टोकाकडून झाली. तिच्या आईवडिलांना गोल्फचा गंध नव्हता. बेंगळुरूच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानाजवळ न्याहारीला बसलेल्या या कुटुंबाला पलीकडे खेळणारी माणसे दिसली. लेकीला कुतूहल वाटले आणि पाच वर्षांची ती मुलगी प्रथम उभी राहिली ती पटिंगच्या हिरवळीवर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिची काठ्यांची पिशवी वडिलांनी उचलली आणि टोकियोत आईने. हा खेळ कुटुंबाने मिळून शिकण्याचा असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

चेंबूरच्या गल्लीतले मैदान

जागेची अडचण सांगणाऱ्यांसाठी उत्तर ठाण्यापासून फार दूर नाही. चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. तेथे खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे अनेक कॅडी शेजारच्या दाट वस्तीत राहतात. दिवसभर दुसऱ्यांचा खेळ जवळून पाहायचा, पण मैदानावर स्वतः खेळण्याची संधी क्वचित. त्यावर या तरुणांनी स्वतःच तोड काढली. लोखंडी सळई तापवून, वाकवून तिची काठी केली, प्लास्टिकचे चेंडू घेतले आणि घरांमधल्या बोळांत गोल्फ सुरू केले. भिंती, गटारे, पायऱ्या आणि वाळत घातलेले कपडे यांच्यामधून चेंडू काढायचा, तर तेथे जोर कामाचा नसतो. नेम आणि अदमास हेच कामाला येतात. अनिल बजरंग माने यांच्यासारखा खेळाडू याच वस्तीतून व्यावसायिक स्पर्धांपर्यंत पोहोचला. ज्यांच्याकडे सरळ पंधरा फूट गल्ली नव्हती त्यांनी हे साधले असेल, तर घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा डोंबिवलीच्या सदनिकेतील दिवाणखाना अपुरा म्हणता येणार नाही.

एका अंशाची किंमत

सरावापूर्वी चेंडू का हुकतो हे समजून घेणे उपयोगी ठरते. गोल्फच्या छिद्राचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे सीडीच्या तबकडीपेक्षा थोडा कमी. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यतः आघाताच्या क्षणी पटरचे तोंड कोठे वळले आहे यावर ठरते.

ते तोंड एक अंशाने चुकले असे समजू. तीन फुटांवर चेंडू सुमारे १.६ सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे छिद्रात पडतोच. दहा फुटांवर तोच एक अंश ५.३ सेंटिमीटर होतो, आणि छिद्राच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर आहे ५.४ सेंटिमीटर. चेंडू अगदी कडेवर येऊन ठेपतो. वीस फुटांवर तो दहा सेंटिमीटरहून अधिक दूर जातो. दिशा ही अशी व्याजासारखी वाढत जाते.

दुसरी बाजू वेगाची. वेगाने आलेल्या चेंडूसाठी छिद्र जणू लहान होते. कडेला स्पर्श करून तो बाहेर फेकला जातो; मंद चेंडू त्याच कडेवरून आत घसरतो. नासामध्ये काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डेव्ह पेल्झ पुढे गोल्फकडे वळले. त्यांच्या मते छिद्र चुकल्यास चेंडू पुढे सतरा इंचांवर, म्हणजे सुमारे दीड फुटावर थांबेल, इतका वेग सर्वोत्तम. त्याहून मंद चेंडू वाटेतल्या लहानसहान उंचवट्यांनी भरकटतो आणि त्याहून वेगवान चेंडू कडेवरून उडतो.

अपेक्षाही वाजवी ठेवाव्यात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या नोंदी तपासल्या. जगातील उत्तम खेळाडू तीन फुटांवरून क्वचितच चुकतात, पण आठ फुटांवरून त्यांचेही निम्मेच चेंडू आत जातात आणि वीस फुटांवरून सातातला जेमतेम एक. म्हणून लांबून चेंडू हुकला तर वाईट वाटून घेऊ नये. तो जवळ आणून ठेवावा आणि शेवटचे तीन फूट पक्के करावेत. साऱ्या सरावाचे सार एवढेच आहे.

फरशी, सतरंजी आणि कागदाचा गोल

सामान थोडके लागते : एक पटर, तीन-चार चेंडू, चिकटपट्टी आणि एक नाणे. पटर जुना असला तरी चालतो. जाड कागदातून १०८ मिलिमीटर व्यासाचा गोल कापावा. घरातले छिद्र तयार झाले.

आजकालच्या इमारतींत दोन फूट बाय दोन फूट मापाच्या फरश्या सर्रास आढळतात. त्यांच्या सांध्यांची रेघ म्हणजे आयती सरळ ओळ, आणि फरश्या मोजल्या की अंतरही कळते. दीड फरशी म्हणजे तीन फूट, तीन फरश्या म्हणजे सहा फूट, चार म्हणजे आठ. मात्र गुळगुळीत फरशीवर चेंडू फार धावतो आणि त्याचा टणत्कार खालच्या मजल्यावर ऐकू जातो. त्यावर जाड सुती सतरंजी अंथरावी. तिचे लांब पट्टेही सरळ रेघेचे काम करतात. सतरंजीला चुणी राहू देऊ नये, आणि सराव संपताच चेंडू मोजून उचलावेत; आजी-आजोबांच्या पायाखाली एक जरी राहिला तरी घात होईल.

उभे राहण्याची रीत साधी आहे. पाय खांद्यांइतके फाकवावेत, कमरेतून किंचित वाकावे आणि डोळे चेंडूच्या बरोबर वर आणावेत. ते तसे आले की नाही हे पाहण्यासाठी दुसरा चेंडू नाकाच्या वरच्या टोकाशी धरून सोडावा. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या अगदी लगत पडला पाहिजे. पटर हलक्या हाताने धरावा. मनगटे स्थिर ठेवून दोन्ही खांदे घड्याळाच्या लंबकासारखे हलवावेत. मागे जितके, पुढेही तितकेच.

पाच सराव

पहिला सराव दरवाजाचा. पटरच्या दोन्ही टोकांना काडेपेट्या उभ्या कराव्यात, मधली जागा पटरपेक्षा बोटभरच अधिक. पेट्यांना न लागता पटर मागे-पुढे गेला पाहिजे. टायगर वुड्स वर्षानुवर्षे याच पद्धतीने सराव करत आले आहेत. फक्त त्यांचा दरवाजा जमिनीत रोवलेल्या लाकडी खुंट्यांचा असतो. तीन फुटांवरून रोज वीस फटके पुरेत. पेटी पडली की चूक कोणत्या बाजूची, हे आपोआप कळते.

दुसरा सराव नाण्याचा. चेंडूच्या पुढे एक फुटावर, छिद्राच्या रेघेत नाणे ठेवावे आणि चेंडू नाण्यावरूनच न्यावा. मन दूरच्या छिद्राऐवजी जवळच्या खुणेवर स्थिरावते. एका फुटात जो चेंडू सरळ गेला तो सपाट जागेवर पुढेही सरळ जातो.

तिसरा सराव पायऱ्यांचा. तीन, सहा, नऊ आणि बारा फुटांवर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा आखाव्यात. पहिला चेंडू पहिल्या रेघेच्या पुढे पण दुसरीच्या अलीकडे थांबावा, दुसरा त्यापुढच्या टप्प्यात, आणि याच क्रमाने पुढे. येथे नेम पाहायचा नाही, फक्त अंतराचा अदमास. जोर वाढवण्यासाठी हिसका द्यायचा नाही. पटर थोडा अधिक मागे न्यायचा. काट्याकडे न पाहता मूठभर धान्य अचूक काढणाऱ्या जुन्या दुकानदाराच्या हाताला जी जाण असते, तीच ही जाण. ती सांगून येत नाही, आवृत्तीने येते.

चौथा सराव घड्याळाचा. कागदाच्या गोलाभोवती तीन फुटांवर बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी चेंडू ठेवावेत आणि एकेक करून आत घालावेत. घरच्या कागदी गोलात चेंडू पडत नाही, म्हणून तो गोलावरून जावा आणि दीड फुटाच्या आत थांबावा, हा नियम ठेवावा. एक चुकला की मोजणी पुन्हा शून्यापासून. अमेरिकेचे नामांकित खेळाडू फिल मिकेलसन यांनी ज्येष्ठ खेळाडू जॅकी बर्क यांच्या आव्हानावरून तीन फुटांचे सलग शंभर फटके घालण्याचा सराव केला होता. घरी सलग बारा झाले तरी भरपूर. पहिले आठ सहज जातात. अकराव्याला हात जड होतो. स्पर्धेतले दडपण कसे असते ते येथे दिवाणखान्यात बसून कळते.

पाचवा सराव नजरेचा. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. कुशल खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी चेंडूच्या एकाच बिंदूवर दोन-तीन सेकंद स्थिर राहते आणि फटक्यानंतरही क्षणभर तेथेच असते. नवख्यांची नजर छिद्र, काठी आणि चेंडू यांत भिरभिरते. म्हणून चेंडूवर पेनाने एक ठिपका काढावा. त्यावर नजर रोवून मनात दोन अंक मोजावेत, मग फटका मारावा आणि चेंडू कोठे गेला हे लगेच पाहू नये. प्रत्यक्ष ग्रीनवर चेंडू पडल्याचा आवाज ऐकावा, मगच मान उचलावी. पाहण्याची घाई हीच बहुतेक चुकांची जननी.

नोंदवही

पंधरा मिनिटे रोज. रविवारी दोन तासांचा धडाका लावून उरलेला आठवडा विसरण्यापेक्षा हे कितीतरी हिताचे. जांभळी नाक्याच्या पेढीवरून किंवा फडके रस्त्यावरच्या दुकानातून परतलेल्या माणसाजवळ याहून अधिक वेळ नसतोही. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत तर संध्याकाळची ही पंधरा मिनिटे सहज निघतात. वहीत चार रकाने आखावेत : तारीख, अंतर, फटके, यशस्वी. चुकलेला चेंडू उजवीकडे गेला की डावीकडे, आखूड पडला की लांब, याची एका अक्षरात खूण करावी. महिनाभराने पान उलटले की दोष स्वतःच बोलू लागतो. साऱ्या खुणा उजवीकडच्या असतील तर पटरचे तोंड उघडे राहते आहे. साऱ्या आखूडच्या असतील तर हात भितो आहे.

वही खरी असली पाहिजे, हे व्यापाऱ्याच्या घरात निराळे सांगायला नको. गोल्फची सारी प्रतिष्ठा याच एका गोष्टीवर उभी आहे. प्रत्येक खेळाडूमागे पंच धावत नाही. आपली चूक खेळाडूने स्वतः सांगायची, आणि प्रत्यक्षाहून कमी फटके नोंदवलेल्या पत्रकावर सही केली तर स्पर्धेतून बाद व्हायचे. १९२५ च्या अमेरिकी खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्यापूर्वी किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. जोन्स यांनी स्वतःहून एका फटक्याचा दंड मांडून घेतला. स्पर्धेअखेर ते बरोबरीत आले आणि निर्णायक लढतीत हरले. त्या वर्षीचा विजेता आज थोड्यांनाच आठवतो. तो मांडून घेतलेला एक फटका अजून सांगितला जातो. नातवाने सतरंजीवर अकरा चेंडू घालून वहीत बारा लिहिले, तर आजोबांनी त्याला हीच गोष्ट सांगावी.

काही घरगुती प्रश्न

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांत दोन शंका हमखास निघतात. पहिली हातमोज्याची. गोल्फचे चांगले हातमोजे बहुधा मेंढीच्या चामड्याचे असतात. परंतु पटिंग करताना बहुतेक खेळाडू हातमोजा काढूनच ठेवतात, म्हणजे घरच्या सरावाला त्याची गरजच नाही. पुढे मैदानावर जायचे झाल्यास कृत्रिम धाग्याचे हातमोजे मिळतात. खरेदी करताना तेवढे विचारून घ्यावे. दुसरी शंका गवताची. चातुर्मासात हिरवळीवरून चालणे अनेक कुटुंबे टाळतात. त्या चार महिन्यांत पावसाने मैदानेही चिखलतात. घरच्या सतरंजीवरचा सराव नेमका याच काळासाठी आहे. पर्युषणात खेळ बंद ठेवणाऱ्यांनी निर्धास्त बंद ठेवावा. हाताची सवय आठ दिवसांत मोडत नाही.

हा सराव कोणी करावा, यालाही मर्यादा नाही. धावायचे नाही, उडी मारायची नाही, जोर लावायचा नाही. त्यामुळे सत्तरीचे आजोबा, दुपारी मोकळ्या झालेल्या सूनबाई आणि पाचवीतली नात एकाच रेघेवर उभे राहू शकतात आणि वहीत नात पुढे असू शकते. पिढ्यांना एकत्र बसवणारे खेळ आता घरात थोडे उरले आहेत. कॅरमच्या शेजारी आणखी एकाला जागा करून द्यायला हरकत नाही. पाठीचा त्रास असलेल्यांनी मात्र वाकण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि एका वेळी दहाच फटके मारावेत.

फरशीकडून हिरवळीकडे

दोन-तीन महिने वही भरली की एकदा खऱ्या ग्रीनवर जावे. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलेले मैदान या भागाला सोयीचे आहे. ठाण्याहून पनवेलच्या लोकलने खारघर गाठता येते. कल्याण-डोंबिवलीकरांना शिळफाटा-तळोजा मार्गे रस्त्याने जाता येते. जाण्यापूर्वी बाहेरच्यांसाठी वेळ आणि नियम काय आहेत, ते दूरध्वनीवर विचारावे.

तेथे पहिला धक्का बसेल तो उताराचा. घरची फरशी सपाट होती. ग्रीन कोठेच पूर्ण सपाट नसते. चेंडू सरळ छिद्राकडे न मारता उताराच्या वरच्या अंगाला मारावा लागतो आणि उतारच त्याला खाली आणतो. अशा वेळी घरचा नाण्याचा सराव कामी येतो : छिद्र विसरायचे, उतार पाहून एक फुटावर मनात नाणे ठेवायचे आणि चेंडू त्यावरून न्यायचा. पाणी कोणत्या बाजूने वाहून जाईल, असा विचार केला की उतार डोळ्यांना लवकर सापडतो. प्रथम लांबून चेंडू छिद्राजवळ आणण्याचा सराव करावा आणि शेवटी तीन फुटांवरून घड्याळ मांडावे. आता चेंडू कागदावरून नुसता पुढे जाणार नाही. तो छिद्रात पडेल आणि पडल्याचा आवाज येईल.

टोकियोतला तो चेंडू निसटल्यावर अदितीने सराव सोडला नाही. पुढच्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ती खेळली. एका फटक्याचे दुःख एका फटक्याच्या सरावानेच फिटते. त्यासाठी आज संध्याकाळी सतरंजी अंथरावी, दीड फरशी मोजावी आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी.